रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी आणि फ्रेझल वर्ब्ज - कसे शिकताय?

शब्दगंध :

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच काढावं. आपल्यापैकी खूप जणांचं असं असतं की इंग्रजी वाचलेलं कळतं, मोठमोठे शब्दही येतात, पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट, कंटिन्यू सगळं माहीत, पण समोरच्याने तेच साध्या बोलण्यात पुट ऑफ, पुट अप विथ, लुक इन्टू, कॅरी ऑन असं म्हटलं की आपण क्षणभर अडकतो. क्रियापदाला असे छोटे शब्द जोडून होणाऱ्या या जोड्या म्हणजेच फ्रेझल वर्ब्ज. शब्द तर सगळे पहिली-दुसरीतले, पुट माहीत, अप माहीत, विथ माहीत, आणि तिन्ही एकत्र आले की अर्थ 'सहन करणे'. तो कुठून आला ते काही समजत नाही.

याचं कारण इंग्रजीच्या जडणघडणीत आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबार, कायदा, अभ्यास हे सगळं फ्रेंच-लॅटिनमधून चाललं, त्यामुळे त्या भाषेत शब्दांचे दोन थर तयार झाले. खालचा घरगुती, वरचा पुस्तकी. आपण शाळेत पुस्तकातून शिकतो म्हणून वरचा थर आधी हाताला लागतो. तिथलं मूल पुट ऑफ आधी शिकतं आणि पोस्टपोन नंतर, आपलं बरोब्बर उलटं. मराठीतही बघा ना, 'पुढे ढकलणे' आपण आईकडून ऐकलं आणि 'स्थगित करणे' पेपरात वाचलं. पुस्तकातून मराठी शिकलेल्या माणसाला 'स्थगित' येईल पण 'अहो ते ढकललं पुढे' म्हटलं की तो गोंधळेल.

आता मुख्य मुद्दा. मला ठामपणे वाटतं की मराठी माणसाला फ्रेझल वर्ब अवघड जायचं काही कारणच नाही, कारण आपण दिवसभर तेच करत असतो. 'लिही' घ्या. लिहून ठेव, लिहून घे, लिहून दे, लिहून काढ, लिहून टाक. पाचही वेगळे आहेत आणि कुठे कोणतं वापरायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. 'लिहून टाक' मध्ये कुणी काही फेकत नाही, 'बोलून बसला' मध्ये कुणी खाली बसत नाही. ते दुसरं क्रियापद आपला मूळ अर्थ सोडून पहिल्याला एक छटा देतं. इंग्रजीत हेच काम अप, आऊट, ऑफ, डाऊन असे इवलेसे शब्द करतात. ईट म्हणजे खा, ईट अप म्हणजे खाऊन टाक. टिअर म्हणजे फाड, टिअर अप म्हणजे फाडून टाक, तुकडे तुकडे करून. यूज अप, वापरून संपवून टाक. त्या 'अप'चा 'वर'शी संबंध शोधत बसलात तर डोकं दुखेल, आणि त्याला आपल्या 'टाक'सारखा समजलात तर अर्थ पटकन लागतो.

डाऊनचं तर आणखी छान आहे. राईट डाऊन, नोट डाऊन, टेक डाऊन, सगळीकडे बोललेलं कागदावर खाली येतंय. आपण काय म्हणतो? उतरवून घे! चित्र तेच आहे. आऊटमध्ये दोन घराणी दिसतात, एक संपण्याचं, रन आऊट, सेल आऊट, वेअर आऊट, आणि दुसरं दडलेलं उघड होण्याचं, फाइंड आऊट, फिगर आऊट, टर्न आऊट. आपणही 'बातमी बाहेर आली' म्हणतोच की. ऑनमध्ये बहुतेक वेळा 'करत राहा' असतं, कॅरी ऑन, कीप ऑन, गो ऑन. ऑफमध्ये सुटणं, निघणं, तुटणं.

सगळे यात बसत नाहीत हे मान्य. मेक आऊट म्हणजे लांबून किंवा अंधारात कसंबसं ओळखू येणं, मेक अप म्हणजे भांडण मिटवणं आणि गोष्ट रचून सांगणंसुद्धा, हे सुटे सुटेच शिकावे लागतात. पण अर्धं ओझं तर कमी होतं. तुम्ही कसे शिकलात, काय उपयोगी पडलं, काय नाही, लिहा.

निवांत :

छान धागा ताई. मला हे आत्ताच हवं होतं, कामावर परदेशी टीमबरोबर बोलणं वाढलंय. मी एक पाचशे फ्रेझल वर्ब्जची पीडीएफ उतरवून घेतलीय, क्रियापदानुसार यादी आहे, गेटची चार पानं, टेकची तीन. रोज एक पान पाठ करतो पण दुसऱ्या दिवशी गेट ओव्हर, गेट बाय, गेट अलाँग, गेट अराऊंड सगळी खिचडी होते. चिकाटी कमी पडतेय का पद्धत चुकतेय?

शब्दगंध :

निवांत, पद्धत. सारखे दिसणारे शब्द एका बैठकीत घेतले की ते एकमेकांच्या जागेवर जाऊन बसतात, हे कुणाचंही होतं. गेटची चार पानं बंद करा आणि प्रसंगाप्रमाणे घ्या. म्हणजे फोनवरचे एकदा - हँग अप, कॉल बॅक, कट ऑफ, स्पीक अप. सकाळचे एकदा - वेक अप, गेट अप, पुट ऑन. यात क्रियापदं वेगवेगळी आहेत आणि सगळी एका चित्रात बसतात, म्हणून राहतात लक्षात.

आणि पाचशेची गरजच नाही हो. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस म्हणून १० कोटी शब्दांचा एक मोठा संग्रह आहे, बोललेल्या आणि लिहिलेल्या इंग्रजीचा. त्यावर २००७ मध्ये एक अभ्यास झाला, त्यात दिसलं की जेवढे म्हणून फ्रेझल वर्ब्ज त्या संग्रहात येतात त्यातला निम्म्याहून जास्त भाग फक्त १०० जणच व्यापतात, आणि पहिले २५ च जवळजवळ एक तृतीयांश. पुढे २०१५ मध्ये १५० ची एक यादी आली, तिच्यात प्रत्येकाचा कोणता अर्थ जास्त वापरात आहे तेही दिलंय. म्हणजे शंभर-दीडशे नीट आले की रोजच्या बोलण्यात अडायला होत नाही. मात्र एकेकाचे दोन-तीन अर्थ असतात तेवढं धरून चाला. पिक अप म्हणजे खाली पडलेलं उचलणं, कुणाला न्यायला जाणं, आणि ऐकत ऐकत एखादी भाषा सहज शिकणं, तिन्ही.

कोराकागद :

मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतोय त्यामुळे राहवत नाही :) एक नियम आहे ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि बोलताना तिथेच अडतात. काही जोड्या फुटतात, काही फुटत नाहीत.

टर्न ऑफ द फॅन चालतं, टर्न द फॅन ऑफ पण चालतं. पण फॅनच्या जागी 'इट' आलं की ते मध्येच बसलं पाहिजे, टर्न इट ऑफ. 'टर्न ऑफ इट' कानाला फार खटकतं. तसंच पिक मी अप, कॉल हर बॅक, राईट इट डाऊन, पुट देम ऑन. याउलट लुक आफ्टर फुटतच नाही. लुक आफ्टर हर. 'लुक हर आफ्टर' कधीच नाही. लुक फॉर, लुक इन्टू, रन इन्टू, गेट ओव्हर हे सगळे न फुटणारे.

मग कोणता फुटतो हे ओळखायचं कसं? नियम पाठ करत बसू नका. शिकणाऱ्यांसाठीचा कुठलाही चांगला इंग्रजी शब्दकोश उघडा, तो मथळ्यातच सांगतो. टर्न समथिंग ऑफ असं लिहिलेलं असेल, समथिंग मध्ये, म्हणजे फुटतो. लुक आफ्टर समबडी असं असेल, समबडी शेवटी, म्हणजे फुटत नाही. वहीत उतरवतानाच ते समथिंग-समबडी सकट उतरवा, वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही. माझ्या वर्गात एवढी एक सवय ज्यांनी लावून घेतली त्यांचं बोलणं लवकर सुधारलं.

हिरवाचाफा :

+१ वरच्या प्रतिसादाला. वाचनखूण साठवली.

माझी अडचण वेगळी आहे, मला लिहिलेलं कळतं पण बोललेलं ऐकूच येत नाही. शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो तेच समजत नाही. मालिका बघताना खाली अक्षरं लावली की वाटतं अरे हे तर येतं मला.

कोराकागद :

हिरवाचाफा, ते तसं ऐकू येणारच, कारण ते शब्द सुटे बोललेच जात नाहीत. पहिल्याचा शेवटचा व्यंजन पुढच्याच्या स्वराला जाऊन चिकटतो. पिक इट अप लिहिलेलं असतं, बोलताना 'पिकिटप'. टर्न इट ऑफ चं 'टर्निटॉफ'. आणि अमेरिकन बोलणारा असेल तर दोन स्वरांमधला ट हलका होऊन ड सारखा लागतो, मग पुट इट ऑन चं 'पुडिडॉन', चेक इट आऊट चं 'चेकिडाऊट'. तुम्ही पुट, इट, ऑन असे तीन शब्द कानाने शोधताय आणि तिथे एकच आहे.

यावर उपाय म्हणजे तोंडाने बोलणं. 'पुडिडॉन' हा एकच शब्द आहे असं समजून मोठ्याने म्हणा, गाण्याची ओळ म्हणावी तसं. जे तोंडातून निघतं ते कानाला ओळखीचं होतं. दुसरं म्हणजे जोर. टर्न इट ऑफ मध्ये जोर 'ऑफ'वर असतो, टर्नवर नाही. ऐकताना त्या शेवटच्या जोरदार शब्दाला पकडायचं. आणि हेच नाम झालं की जोर पुढे येतो, चेक आऊट क्रियापद असेल तर आऊटवर जोर, चेकआऊट नाम असेल तर चेकवर.

पाऊलवाट :

खूप माहितीपूर्ण चर्चा चाललीय. मी थोडी भर घालते, आपल्या मराठी विचारातून आलेल्या काही सवयी.

आपण पंखा 'बंद' करतो आणि दारही 'बंद' करतो म्हणून क्लोज द फॅन म्हणून जातो. यंत्र, दिवा, नळ असेल तर टर्न ऑफ (विजेचं असेल तर स्विच ऑफही), दार, खिडकी, पुस्तक असेल तर क्लोज. उतरण्याचंही तसंच. मराठीत बसमधून उतरतो, कारमधूनही उतरतो, दोन्हीकडे उतरणं. इंग्रजीत बस, ट्रेन, विमान यातून गेट ऑफ, आणि कार, टॅक्सीतून गेट आऊट ऑफ. मी असं लक्षात ठेवते की ज्यात उभं राहून चार पावलं चालता येतं तिथे ऑन-ऑफ, जिथे वाकून आत शिरावं लागतं तिथे इन-आऊट. बसमधून 'गेट डाऊन' आपल्याकडे सर्रास ऐकू येतं पण बाहेरच्या माणसाला ते डोकं खाली करा असं वाटू शकतं.

मग कोप अप विथ. यातला अप आपणच जोडलाय, बरोबर फक्त कोप विथ. बहुतेक कीप अप विथ आणि कॅच अप विथ वरून तो चिकटला असावा. रिटर्न बॅक मध्येही बॅक नको, रिटर्नमध्ये ते आलंच. गिव्ह बॅक मध्ये मात्र हवं.

आणि पासआऊट! आपण मी अमुक साली पासआऊट झाले असं अगदी सहज म्हणतो. बाहेरच्या बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी पास आऊट होणं म्हणजे चक्कर येऊन शुद्ध हरपणं. लष्करी प्रशिक्षण संपलं की पासिंग आऊट परेड होते तेवढ्यापुरता तो दुसरा अर्थ आहे. मुलाखतीत ग्रॅज्युएटेड म्हणावं.

अंतरंगी :

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. हे सगळं मराठीशी जोडून शिकणं मला पटत नाही. भाषांतराची सवय लागली की माणूस बोलताना आधी मराठी वाक्य तयार करतो मग त्याचं इंग्रजी, तोपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. पाऊलवाट यांनी दिलेली सगळी उदाहरणं त्याचीच आहेत, मराठीतून विचार केला म्हणून क्लोज द फॅन आलं. थेट इंग्रजीत विचार करायला शिका.

शब्दगंध :

अंतरंगी, राग कसला, मुद्दा महत्त्वाचा आहे. वाक्याचं वाक्याला भाषांतर करू नये हे शंभर टक्के मान्य. पण मी म्हणतेय ते भाषांतर नाहीये. मी कान वापरायला सांगतेय. 'खाऊन टाक' चं इंग्रजी काय असा प्रश्न नाही, 'खा' आणि 'खाऊन टाक' यात जो फरक आपल्याला न सांगता जाणवतो तसाच फरक ईट आणि ईट अप मध्ये आहे, एवढं एकदा जाणवलं की काम झालं, पुढे मराठी बाजूला. आणि थेट इंग्रजीत विचार करा हा सल्ला मोठ्या वयात शिकणाऱ्याला दिला की तो गप्पच बसतो, कारण विचार करायला आधी शब्द तर पाहिजेत. जी भाषा पूर्ण आपली आहे तिचा आधार घेण्यात मला कमीपणा वाटत नाही, उलट तीच आपली शिदोरी आहे.

शिवाय मराठीत आलेलेच किती आहेत बघा. चेकअप, बॅकअप, फॉलोअप, ब्रेकअप, वर्कआऊट, लॉगआऊट, टेकऑफ. ही सगळी नामं आहेत, त्यांची जोडी सोडवली की क्रियापद मिळतं. फॉलोअप घेणं माहीत आहे, मग फॉलो अप विथ समबडी अवघड नाही.

एकवाटसरू :

वाचनमात्र होतो, पण इतिहासाचा विषय निघाला म्हणून लिहितो.

परक्यांना हे अवघड जातं ही तक्रार फार जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलंय की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची पद्धत इंग्रजीत फार आहे आणि परदेशी माणसाला सगळ्यात मोठी अडचण त्याचीच होते. आणि त्याने ते शब्द मेहनतीने गोळाही केले.

दुसरी गोष्ट मला फार आवडते. सी. के. ऑग्डन या इंग्रज विद्वानाने १९३० मध्ये बेसिक इंग्लिश नावाची छोटी इंग्रजी मांडली, एकूण ८५० शब्दांची, आणि त्यात क्रियापदं फक्त १८! कम, गो, गेट, गिव्ह, पुट, टेक, मेक, कीप, लेट अशी. एंटर नको, गो इन म्हणा. रिमूव्ह नको, टेक अवे म्हणा. शब्दसंख्या कमी झाली खरी पण सगळा भार या जोड्यांवर आला, त्यामुळे शिकणाऱ्याला वाटतं तितकं ते सोपं नव्हतं. पण यातून एक कळतं की मूठभर क्रियापदं आणि मूठभर छोटे शब्द घट्ट पकडले तर माणूस जवळजवळ काहीही बोलू शकतो.

कोराकागद यांनी शब्दकोशाचं सांगितलं त्याला पुस्ती जोडतो. लाँगमनचा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश १९७८ मध्ये आला तेव्हा त्यातले सगळे अर्थ साधारण २००० सोप्या शब्दांतच दिलेले होते. असा शब्दकोश वापरला की एका शब्दाचा अर्थ बघायला गेलो आणि आणखी तीन अडले असं होत नाही. आणि ऐकायला व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ साली सुरू केलेल्या सावकाश इंग्रजीतल्या बातम्या, साधारण १५०० शब्दांत बसवलेल्या, त्याचं जुनं ध्वनिमुद्रण मिळालं तर जरूर ऐका.

निवांत :

सगळ्यांचे आभार, पीडीएफ बंद केलीय :) दोन प्रश्न. एक, हे सगळं ईमेलमध्ये चालतं का, की तिथे पोस्टपोनच लिहायचं? दोन, शिकलेलं टिकवायचं कसं?

पाऊलवाट :

ईमेलमध्ये बहुतेक चालतात. फॉलो अप, सेट अप, लुक इन्टू, पॉइंट आऊट, कॅरी आऊट हे तर ऑफिसातलेच आहेत. करारनामा, कायदेशीर पत्र असेल तर मात्र वरच्या थरातले शब्द बरे. दोन गोष्टी सांभाळा. लॉग इन करा असं सांगायचं असेल तर लॉग आणि इन सुटे लिहायचे, जोडून लिहिलं की ते नाम होतं. आणि लुकिंग फॉरवर्ड टू च्या पुढे मीट येत नाही, मीटिंग यू येतं, कारण तिथला टू हा 'कडे' असा आहे.

कोराकागद :

टिकवण्याबद्दल. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग वेग मंदावतो. म्हणून उजळणी सुरुवातीला जवळजवळ आणि नंतर लांब लांब अंतराने करायची. सेबास्टियन लाइटनरने १९७२ मध्ये त्यासाठी कार्डांच्या पेटीची सोपी युक्ती सांगितली. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, तो उशिरा उघडायचा, न आलेलं परत पहिल्या कप्प्यात. मोबाइलवर अँकी हे ॲप साधारण तेच काम करतं.

पण कार्डावर काय लिहिता त्यावर सगळं आहे. एका बाजूला रन आऊट ऑफ आणि मागे 'संपणे' असं कार्ड करू नका. पुढे स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य लिहा आणि जागा रिकामी सोडा. 'वी हॅव डॅश पेपर, सो आय कान्ट प्रिंट इट टुडे.' मागे रन आऊट ऑफ. वाक्य सकट उत्तर मोठ्याने म्हणायचं, मनात नाही.

निवांत :

आजच करून बघितली. तपासता का कोणी? अर्थ बरोबर वाटतोय पण काहीतरी खटकतंय.
'द पेपर रॅन आऊट ऑफ.'
'आय फाऊंड आऊट माय कीज अंडर द टेबल.'
'द मीटिंग इज पुट ऑफ, दे पुट ऑफ इट टिल मंडे.'

कोराकागद :

वा, लगेच करायला घेतलंत हे उत्तम.

पहिलं. मराठीत कागद संपतो, कर्ता कागद असतो आणि माणूस 'माझ्याकडचा' म्हणून कोपऱ्यात उभा असतो. इंग्रजीत रन आऊट ऑफ म्हटलं की कर्ता माणूस, वी रॅन आऊट ऑफ पेपर. कागदालाच कर्ता करायचं असेल तर ऑफ काढून टाका, द पेपर रॅन आऊट, हेही बरोबर आहे. टाइमचंही तसंच, वी रॅन आऊट ऑफ टाइम किंवा टाइम रॅन आऊट.

दुसरं. वस्तू सापडली तर नुसतं फाइंड, आय फाऊंड माय कीज. माहिती कळली, शोधून काढली तर फाइंड आऊट, आय फाऊंड आऊट व्हाय ही वॉज लेट. किल्ली सापडते, कारण कळतं.

तिसऱ्यातला पहिला भाग चालेल, हॅज बीन पुट ऑफ आणखी सहज वाटेल. दुसऱ्या भागात इट मध्ये घ्या, दे पुट इट ऑफ टिल मंडे. आणि हे मनात न वाचता जोडून मोठ्याने म्हणा, 'पुडिडॉफ'. पुढची वाक्यं इथेच टाका, हिरवाचाफा तुम्हीपण.

हिरवाचाफा :

टाकते, रात्री. फोनवरचे चार घेतलेत, हँग अप पासून सुरू करते.